शिक्षक समोर नसताना

कुंडलिका नदी जालना शहराचे दोन भाग करते. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची यात्रा भरते आणि पंढरपूर गाठता न आलेली माणसे तिथेच माथा टेकतात. मठ, कीर्तन आणि पोथी यांवर शतकानुशतके शिकत आलेला हा भाग. याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तिथे १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला.

ऑनलाइन अभ्यासक्रम कसा बांधावा, त्याला कोणती मानके लावावीत, ही चर्चा निघाली की पहिली नावे येतात ती अमेरिकी संस्थांची. जालन्याच्या वाचकाला मात्र ती चर्चा जांबपासून सुरू करता येते. समर्थांच्या दासबोध या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. पोथी कशी लिहावी याचे नियम त्यात एकापाठोपाठ एक मांडले आहेत, तेही कारणांसकट.

अक्षर गोलसर, सरळ, मोकळे असावे आणि शाई काळीभोर. काने, मात्रा, वेलांट्या नीट असाव्यात. एका ओळीतले अक्षर खालच्या ओळीला भिडू नये. पान आधी आखून घ्यावे, म्हणजे ओळींतले अंतर कुठे कमी, कुठे जास्त होणार नाही. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे. सगळी पोथी एकाच टाकाने लिहिल्यासारखी वाटावी. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, कारण कागदाच्या कडा झडतात आणि कडा झडल्या तरी अक्षर झडता कामा नये. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे. पुढे साहित्याची यादी येते: घट्ट कागद, निरनिराळ्या प्रांतांतले बोरू, सुऱ्या-कात्र्या, हिंगूळ, बासने, मेणकापड, कुलुपाच्या पेट्या.

सुंदर अक्षराची हौस एवढाच याचा अर्थ नाही. समर्थांचे मठ दूरदूर पसरले होते. पोथी जिथे पोहोचे तिथे समर्थ नसत, शंका विचारायला कुणी नसे, आणि नकलेवरून नक्कल होताना एक चूक दहा ठिकाणी जाई. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत परंड्याजवळच्या डोमगावच्या मठाने जपली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावरून ग्रंथ छापला. शिकवणारा समोर नसतो तेव्हा त्याची जागा पान घेते, आणि म्हणून पानाला नियम लागतात. शिक्षणाच्या साधनांना लावलेल्या मानकांचा इतिहास एवढ्याच गरजेभोवती फिरतो.

दासबोधाची रचनाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दशके वीस, प्रत्येकात समास दहा, एकूण दोनशे. प्रत्येक समासाला नाव, आणि नावावरून विषय कळतो. पहिल्याच समासात श्रोते विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकून काय मिळेल. मग त्याची उत्तरे येतात. आज कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर नेमके हेच तीन प्रश्न सोडवलेले असावेत अशी अपेक्षा असते.

गावातल्या पंतोजीच्या शाळेला यातले काही लागत नव्हते. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचे, कित्ता गिरवायचा, पाढे घोकायचे. पंतोजी समोर बसलेला. मुलगा चुकला की तिथल्या तिथे टोकणार, कधी छडीने. शाळेचा दर्जा म्हणजे त्या एका माणसाचा दर्जा. तो गेला की शाळा गेली.

छापखाना आला आणि चित्र पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या विशीत मुंबईत शाळापुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली. जॉर्ज जर्व्हिस, बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग, मेजर थॉमस कँडी ही त्यातली ठळक नावे. एक पुस्तक आता शेकडो गावांत जाणार होते, तेव्हा शुद्धलेखन कोणते आणि वाक्य कुठे तोडायचे हे ठरवणे भाग पडले. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम रुळले ते मुख्यतः कँडींच्या खटपटीने. सलग लिहिलेली मोडी किंवा पोथीतले दाट बाळबोध वाचताना जाणता वाचक स्वतःच थांबे घेत असे. नवशिक्या पोराला तो थांबा कागदावर दाखवावा लागतो.

जालना मात्र त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीच राहिले. संस्थानाच्या कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उघडले आणि उच्च शिक्षण थेट उर्दूतून सुरू झाले. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण गणित, रसायन, इतिहास, पुढे वैद्यकही उर्दूत. त्यासाठी आदल्या वर्षीच ‘दार-उल-तर्जुमा’ हे भाषांतर खाते स्थापन झाले होते. औरंगाबादेत राहून उर्दूचे काम करणारे मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. नवे शास्त्रीय शब्द घडवण्यासाठी विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत, शब्दाला शब्द तोलून पाहत, आणि ठरलेला शब्द मग सगळ्या पुस्तकांत तसाच वापरला जाई. भारतीय भाषेत विद्यापीठ पातळीची पुस्तके शिस्तीने बनवण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता.

तरीही जालन्याच्या मराठी घरातल्या मुलाच्या पदरी काय पडले? घरात मराठी, शाळेत वरच्या वर्गात उर्दू, परीक्षेला इंग्रजीचा पेपर. पुस्तक निर्दोष होते, पण ज्याच्यासाठी ते लिहिले त्यात हा मुलगा धरलाच नव्हता. मराठवाड्यात मराठी शाळांसाठी जी धडपड झाली, औरंगाबादेत सरस्वती भुवनसारख्या संस्था ज्या जिद्दीने चालल्या, तिचे एक कारण हे होते. मानक कितीही काटेकोर असो, शिकणारा कोण हे आधी विचारले नसेल तर ते शिकणाऱ्याला उपयोगी पडत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र. भाषेचे नियम याच वर्षांत एकत्र बांधले गेले. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, आणखी ४ नियम १९७२ मध्ये आले. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. आता रत्नागिरीच्या आणि जालन्याच्या मुलाच्या हाती एकच पुस्तक पडू लागले. विषय समिती, लेखक, संपादक, चित्रकार यांची साखळी ठरली. पहिलीच्या पुस्तकात अक्षर मोठे, मजकूर थोडा, चित्र ठसठशीत. इयत्ता वाढेल तसे अक्षर लहान होत जाणार. बालभारतीच्या पुस्तकावर पिढ्यांनी प्रेम केले त्यात धड्यांइतकाच या बांधणीचा वाटा आहे.

पण बालभारतीचे पुस्तक वर्गासाठी असते. ते समजावून सांगायला गुरुजी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते. गुरुजी नसलेल्यांचे काय?

नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठातही सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते आले. पाकिटातून छापील टिपणे येत. बहुतेक टिपणे म्हणजे प्राध्यापकाने वर्गात दिलेले व्याख्यान कागदावर उतरवलेले. विद्यार्थी ती पाठ करी, परीक्षा देई. व्याख्यान ऐकताना कपाळावर आठी दिसली की शिक्षक पुन्हा समजावून सांगतो. कागदाला आठी दिसत नाही. हा दोष ओळखून इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९६९ नंतर वेगळी वाट धरली. एकट्या प्राध्यापकाने लिहायचे नाही. विषयतज्ज्ञ, शिक्षणतंत्राचा जाणकार, संपादक, मांडणीकार आणि बीबीसीचा निर्माता यांचा गट बसेल आणि गट अभ्यासक्रम घडवेल. स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग यांनी त्याला जोड दिली ती भाषेची: दूरस्थ धडा हा शिकणाऱ्याशी केलेला संवाद वाटला पाहिजे, त्यात प्रश्न असावेत, आपुलकी असावी. श्रोता-वक्ता संवादावर उभ्या असलेल्या दासबोधाच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

महाराष्ट्रात हे काम केले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. १ जुलै १९८९ ला नाशिकला त्याची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन हे विद्यापीठ ज्यांच्याकडे गेले ते लोक पारंपरिक महाविद्यालयाच्या हिशेबातच नव्हते: बारावी न झालेला दुकानदार, लग्न होऊन शिक्षण सुटलेली बाई, शेती करणारा तरुण. बारावी नसेल तर पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला येता येई.

या विद्यापीठाची आणि त्याच वळणावर गेलेल्या दूरशिक्षण केंद्रांची पुस्तके उघडली की मानक डोळ्यांनी दिसते. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे: हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल. मग प्रास्ताविक, मग विषयविवेचन. मध्येच स्वयंअध्ययनाचे प्रश्न, उत्तर लिहायला जागा, आणि उत्तरे घटकाच्या शेवटी. त्यानंतर सारांश, पारिभाषिक शब्द, सरावासाठी स्वाध्याय, क्षेत्रीय कार्य, अधिक वाचन. नाशिकच्या पुस्तकांच्या श्रेयपानावर लेखक आणि संपादकाशेजारी आणखी एक पद छापलेले आढळते: ‘अनुदेशन तंत्र संपादक’. विषय बरोबर आहे की नाही हे तो पाहत नाही. घरी एकटा बसलेला माणूस हा घटक स्वतःच्या बळावर पार करेल का, एवढेच तो पाहतो. आज ज्याला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात तो मराठीत असा तीसेक वर्षांपूर्वीच पोहोचला होता.

एवढे करूनही नुसत्या पुस्तकावर भिस्त ठेवली नाही. चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे काढली, तिथे संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, नेमले, सुट्टीच्या दिवशी संमंत्रण सत्रे घेतली. जालना जिल्ह्यातली केंद्रे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विभागीय केंद्राला जोडलेली. १ मे १९८१ ला नवा जिल्हा झालेल्या जालन्यात उच्च शिक्षणाच्या सोयी बेताच्याच होत्या. बियाणे आणि पोलाद या उद्योगांनी शहर वाढत होते, पण तालुक्याच्या गावातून रोज महाविद्यालयात येणे साऱ्यांना परवडत नव्हते. अशा विद्यार्थ्याला पुस्तक घरी आणि माणूस महिन्यातून काही वेळा, ही जोडणी मानवली. शहराजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रे भरतात, तीही याच जातीची: माहिती आधी पोहोचवा, मग शंकेसाठी समोरासमोर बसा.

संगणक आला तो एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या रूपाने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून नेला. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असल्याने दहावी-बारावीची मुले, शिक्षक, तलाठी, सगळे त्या खुर्च्यांवर येऊन बसले. मुंबईच्या केंद्रात पडद्यावर दिसणारा धडा जालन्याच्या केंद्रातही तोच. करून पाहा, चुकले तर पुन्हा करा, चाचणी द्या, पुढे जा. मराठी माणसाने इलेक्ट्रॉनिक अभ्यासक्रम सर्वप्रथम मोठ्या संख्येने अनुभवला तो इथे.

९ जुलै २०१७ ला ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. त्याच्या अभ्यासक्रमांना चार पाय बंधनकारक आहेत: चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. एक पाय नसेल तर अभ्यासक्रम पुरा धरत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत विषय अशा पद्धतीने घेण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. पदवीचे श्रेयांक मिळणार म्हटल्यावर मांडणी ही हौसेची बाब उरली नाही. त्याच २०१७ च्या शिक्षक दिनी ‘दीक्षा’ हे शालेय व्यासपीठ आले आणि बालभारतीच्या पानांवर क्यूआर कोड उमटले. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला असे कोड जोडून पाहिले होते. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले.

मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या आणि ज्यांनी कधी दूरस्थ धडा बनवला नव्हता अशा हजारो शिक्षकांना रातोरात तो बनवावा लागला. फळ्यासमोरचे पाऊण तासाचे व्याख्यान मोबाइलवर चित्रित करून व्हॉट्सॲपवर गेले, वहीच्या पानांचे तिरके फोटो पीडीएफ होऊन गेले. कष्टात कसर नव्हती, पण पत्रद्वारा शिक्षणाची साठ वर्षांपूर्वीची चूक नव्या यंत्रावर पुन्हा घडली. जिथे बांधणीचा विचार झाला तिथे फरक दिसला. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर आलेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने धडे वाचून दाखवण्याऐवजी मुलांना घरातल्या वस्तू घेऊन कृती करायला लावली. नेट नसले तरी टीव्हीवर ती पाहता येत होती.

बाहेरच्या जगात दरम्यान मानके पक्की होत गेली होती. अमेरिकेतल्या मेरिलँडमधून २००३ च्या सुमारास निघालेल्या ‘क्वालिटी मॅटर्स’ या पद्धतीत आठ सर्वसाधारण मानके आहेत. तिचा कणा एकच: उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि परीक्षा एका सुतात हवीत. ‘पाणलोटाचा आराखडा काढता येईल’ असे उद्दिष्ट लिहून परीक्षेत पाणलोटाची व्याख्या विचारली, तर अभ्यासक्रम नापास. दुसरे मानक वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे डब्ल्यूसीएजीचे. नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, चित्रफितीला मथळे असावेत, चित्राचे वर्णन शब्दांत द्यावे, असे ते सांगते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक माहिती सुगम्य असणे हा हक्कच मानला आहे.

मराठीला मात्र ही मानके आहेत तशी पुरत नाहीत. रोमन अक्षराला वर-खाली फारसे काही लागत नाही. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे. इंग्रजीसाठी बेतलेले ओळीतले अंतर तसेच ठेवले की ‘र्की’वरचा रफार वरच्या ओळीत घुसतो आणि ‘द्धृ’चा पाय कापला जातो. जुन्या खासगी फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो, शोधता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचकयंत्र तो वाचू शकत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’मधला अर्धा र कित्येक वर्षे पडद्यावर मोडत होता. युनिकोडने यातले बरेच सोडवले आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमाला व अक्षरांची वळणे ठरवून दिली, अगदी ‘ल’ आणि ‘श’ कोणता वापरायचा इथपर्यंत. मराठी अभ्यासक्रम बनवणाऱ्या सगळ्यांपर्यंत ही शिस्त अजून उतरलेली नाही.

जुन्या जालन्यातला विद्यार्थी आज स्पर्धा परीक्षेचा, लेखापालनाचा किंवा ठिबक सिंचनाचा अभ्यासक्रम घेतो तो बहुधा फोनच्या पाच-सहा इंची पडद्यावर, मोजक्या डेटात. त्याच्यासाठी काही करायचे तर ते अवघड नाही. मराठीत अभ्यासक्रम बनवणाऱ्या विद्यापीठांनी, खासगी वर्गांनी आणि एकेकट्या शिक्षकांनी पहिल्या पानावर उद्दिष्टे मराठीत लिहावीत. चित्रफिती छोट्या ठेवून त्यांना मराठी मथळे द्यावेत, सगळा मजकूर युनिकोडात ठेवावा, आणि शंका कुणाला, कधी विचारायची ते नावानिशी सांगावे. आणि प्रकाशित करण्याआधी तो अभ्यासक्रम तालुक्याच्या गावातल्या दोन-चार शिकणाऱ्यांच्या स्वस्त फोनवर उघडून, त्यांच्याशेजारी बसून, एकदा तरी तपासावा.